ठरावापर्यंत कोण थांबतं

दर चार वर्षांनी ऐन थंडीत लिंडग्रोव्हच्या लोकांना आपण देशाचे मालक असल्याचा झटका येतो. एरवी आयोवाच्या नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढंसं हे गाव. पण राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक तिथे येतात, डुकरांच्या गोठ्यात नवे कोरे बूट घालून फोटो काढतात, म्हाताऱ्यांचे हात हातात धरून डोळ्यांत पाणी आणतात. आणि मग एका संध्याकाळी डेमोक्रॅट म्हणवणारं सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमतं आणि कोण कोणाचा ते अंगानं उभं राहून दाखवतं. चिठ्ठी नाही, पडदा नाही. ज्याचा उमेदवार आवडला त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. शेजारणीसमोर, सासूसमोर, आणि ज्याचं नांगरट यंत्र मागून आणलंय त्याच्यासमोरही. याला कॉकस म्हणतात.

आर्डिस वेस्टगार्डला ही संध्याकाळ एके काळी फार आवडायची. माणसं अशी उघड्यावर मांडलेली एरवी कुठे बघायला मिळतात? तिनं उभा जन्म गारपिटीचा विमा विकण्यात घालवला होता. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत काय छापलंय, याला तिच्या लेखी काडीची किंमत नव्हती. गारा पडल्यावर बांधावर कोण येऊन उभं राहतं, तेवढंच ती बघायची.

या वेळी मात्र ती गंमत बघायला आली नव्हती. तिचं काम होतं.

तिचा नवरा मर्ल पक्षाघातानंतर काउंटी होममध्ये होता. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पैशांनी चालणारं, लाल विटांचं, बैठं शुश्रूषागृह. आर्डिसच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मर्लचं अर्धं अंग गेलेलं, बोलणं तुटक. परिचारिकेनं घास पुढे केला तर तो तोंड घट्ट मिटायचा. म्हणून रोज संध्याकाळी आर्डिस जायची, त्याला चमच्यानं भरवायची आणि परत यायची. तिच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. दिवस मावळला की तिला गाडी चालवता येत नव्हती. आता ते होम एका कंपनीला विकायचं चाललं होतं, आणि कंपनीनं सांगून टाकलं होतं की रोगी हलवणार, पार तिसऱ्या काउंटीत, चांगला तासाभराचा रस्ता. तिथे मर्लला कोण भरवणार?

काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळात सभासद तीन. एक विकायच्या बाजूचा, एक विरुद्ध, आणि तिसरा रँडी क्लॉसनर. येत्या मंगळवारी मतदान. आर्डिस त्याला धान्याच्या कोठारावर गाठून बोलली होती, तेव्हा रँडीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो सगळ्यांच्याच खांद्यावर हात ठेवायचा.

"आर्डिस, मी लोकांचा माणूस आहे. कॉकसमध्ये ठराव आण. भरल्या खोलीनं हात वर केले तर मी मंगळवारी विकायच्या विरुद्ध मत देईन. पण भरल्या खोलीनं हं. पाचसहा म्हाताऱ्यांनी नव्हे."

आता ठराव मांडायचा हक्क कॉकसमध्ये कोणालाही असतो. फक्त तो मांडायचा सगळ्यात शेवटी, कोपरे मोजून झाल्यावर, प्रतिनिधी निवडून झाल्यावर, पक्षसमितीची माणसं नेमून झाल्यावर. आणि कोपरे मोजून झाले की लिंडग्रोव्हची माणसं कोट चढवून घरी जातात. हे आर्डिसला माहीत होतं. रँडीला तर त्याहून चांगलं माहीत होतं.

म्हणून ती लिंबाच्या वड्यांचा मोठा ट्रे घेऊन सगळ्यांच्या आधी आली होती. अध्यक्षस्थानी ओडेगार्ड सर होते. अर्ध्या गावाला त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलेलं आणि त्यातलं कोणालाच काही आठवत नसलेलं.

"सर, माझा ठराव आधी घ्या ना."

"क्रम पक्षानं छापून पाठवलाय, आर्डिस."

"छापणाऱ्याला मर्ल माहीत नाही."

"म्हणूनच तर क्रम असतो," सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

दारातल्या टेबलावर गडबड उडाली म्हणून तिनं वळून पाहिलं. लेलंड ग्रोट आला होता. मक्याची मोठी शेती, टोपीवर बियाणे कंपनीचं नाव, आणि जन्मभराचा कडवा रिपब्लिकन. नाव नोंदवणारी बाई त्याच्याकडे भूत बघितल्यासारखी बघत होती. कॉकसच्या दारात पक्ष बदलता येतो; एक अर्ज भरला की झालं.

"लिही बाई, लिही. आजच्या रात्रीपुरता डेमोक्रॅट," लेलंड म्हणाला. "घरी गेल्यावर अंघोळ करीन."

त्याची नव्वदीची आई होममध्ये मर्लच्या समोरच्याच खोलीत होती. तो तडक आर्डिसजवळ आला. पाठोपाठ व्होंड्राक बहिणी आल्या, दोघी अविवाहित, दोघींच्या हातांत विणकाम. त्यांचा भाऊ त्याच होममध्ये. चौघं जण मधल्या वर्तुळात 'अजून ठरलं नाही' या पाटीखाली उभे राहिले.

बाकी खोली दोन इच्छुकांच्या नावांनी दोन ठिकाणी गोळा झाली होती. स्कोअरबोर्डखाली सिनेटर कॅल्डरचा मोठा कळप, त्याचा म्होरक्या रँडी क्लॉसनर, छातीवर 'पुरोगामी' असा हाताएवढा बिल्ला. हातांत पाट्या: 'शुश्रूषा हा हक्क आहे.' समोरच्या बाकांपाशी गव्हर्नर प्रेन्टिसची माणसं, त्यांची म्होरकी बेव्हर्ली स्नेल. बेव्हर्ली आणि आर्डिस चर्चच्या गायनात वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहत आलेल्या. बेव्हर्लीच्या बिल्ल्यावर होतं, 'समंजस मध्यममार्ग.' तिच्या टेबलावर चिलीचं, म्हणजे राजमा-मांसाच्या तिखट रश्श्याचं, भांडं वाफाळत होतं आणि शेजारी आर्डिसचा ट्रे. कधी उचलून नेला, कळलंही नाही.

पहिली मोजणी झाली. कॅल्डरला भरघोस. पण गव्हर्नरचा कोपरा थोडक्यात हुकला. ठरलेल्या हिश्श्याइतकी माणसं नसली तर कोपरा बाद होतो आणि प्रतिनिधी मिळत नाही. तीन माणसं कमी. सरांनी शिट्टी वाजवली. आता अर्धा तास कोणीही कुठेही जावं, कोणीही कोणालाही ओढावं.

सगळी खोली त्या चौघांवर तुटून पडली.

"आर्डिस, इकडे ये," रँडी म्हणाला. "कॅल्डर हा खरा पुरोगामी. तुझा ठराव त्याच्या भाषणातलाच आहे जणू."

"मग त्याचा माणूस होम विकतोय कसा?"

"मी विकत नाहीये. मी पर्याय तपासतोय."

"समाजवादी म्हण ना सरळ तुमच्या त्या कॅल्डरला," लेलंड मध्येच बोलला.

"लोकशाही समाजवादी," कॅल्डरची पाटी धरलेली एक बाई चिडून म्हणाली. "फरक आहे त्यात."

"काय फरक?"

"तो… तो तुम्ही वाचा."

"लेलंड," बेव्हर्ली गोड आवाजात म्हणाली, "गव्हर्नर समाजवादी नाहीत. मध्यममार्गी आहेत. ते सगळ्यांना सोबत घेऊन जातात."

"मध्यममार्गी म्हणजे नक्की काय गं, बेव्ह?" आर्डिसनं विचारलं. "होमचा अर्धा भाग विकायचा? मर्लचं डावं अंग न्यायचं आणि उजवं इथे ठेवायचं?"

"तू ना, आर्डिस! सगळं मर्लवर आणतेस."

"मी आणखी कशावर आणू?"

"अगं, हा देशाचा प्रश्न आहे. आज आपण काय करतोय ते सगळं जग बघतंय."

"जगाला म्हणावं, ठरावापर्यंत थांब."

लेलंडला आता रंग चढला होता. त्यानं टोपी मागे सरकवली आणि आपण कोण आहोत ते सगळ्यांना ऐकवायला सुरुवात केली. मी कॉन्झर्व्हेटिव्ह. सरकारनं माझ्या खिशात हात घालू नये. सरकारनं काही चालवू नये, सरकारला रस्त्यावरचा खड्डा बुजवता येत नाही.

"लेलंड, तुझी आई कुणाच्या पलंगावर झोपते?" आर्डिसनं हळूच विचारलं.

"काउंटीच्या."

"काउंटी म्हणजे सरकार नाही?"

"काउंटी म्हणजे आपण. सरकार म्हणजे वॉशिंग्टन."

"आणि तुझ्या मक्याच्या विम्याचा अर्ध्याहून जास्त हप्ता वॉशिंग्टनमधून येतो, तो?"

"तो विमा आहे!"

"मी विमा विकत होते, लेलंड. मला सांगू नकोस."

व्होंड्राक बहिणींपैकी धाकटी फिसकन हसली. लेलंडचे कान लाल झाले. तेवढ्यात कॅल्डरच्या पाटीवाली म्हणाली, "असल्या ढोंगी लोकांना आत घेतलंच कसं?" त्यावर लेलंड म्हणाला की तुम्ही मागे आमच्या गाड्यांवर अंडी मारली होती. त्यावर ती म्हणाली की ती अंडी नव्हती, टोमॅटो होते. मग कोणी फॅसिस्ट म्हणालं, कोणी कम्युनिस्ट. दोघंही एकाच सहकारी कोठारात धान्य टाकणारे, एकाच गावकीच्या वीजघराची वीज जाळणारे. वीजघर गावाच्या मालकीचं होतं म्हणून त्याला कोणी समाजवाद म्हणत नव्हतं, आणि विकायला काढलं नव्हतं म्हणून त्याच्यासाठी कोणी भांडतही नव्हतं.

ओल्या लोकरीचा, चिलीचा आणि लाकडी जमिनीवरच्या पॉलिशचा एक मिसळलेला वास खोलीत कोंडला होता, आणि त्यात ही माणसं एकमेकांच्या अंगावर शब्द फेकत होती. ठळक अक्षरं नुसती. बांधावर कोणी नाही.

आर्डिसनं टाळी वाजवली. विम्याच्या बैठकीत वाजवायची तशी, कोरडी.

"ऐका. आम्ही चौघं. बेव्हला तीन हवेत. रँडीलाही आम्ही हवेत, म्हणजे बेव्हचा कोपरा बुडेल. जो कोपरा ठराव होईपर्यंत थांबेल, तिकडे आम्ही येऊ."

"दिला शब्द!" रँडी तत्काळ म्हणाला. इतका तत्काळ, की आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बेव्हर्लीनं तिचे दोन्ही हात धरले. "आर्डिस, आपण किती वर्षं शेजारी उभ्या आहोत? आम्ही सगळे थांबू. मी उभी राहून सांगते." आणि तिनं खरंच बाकावर चढून सांगितलं. तिच्या माणसांनी माना डोलावल्या. त्या वेळी मानेला काही खर्च नव्हता.

"गव्हर्नरच्या कोपऱ्यात? मी?" लेलंड पुटपुटला. "हा माणूस माझी बंदूक काढून घेणार म्हणतो."

"आज आणलीयस का?"

"नाही."

"मग चल."

बेव्हर्लीनं स्वतःच्या हातानं चौघांच्या कोटांवर गव्हर्नरचे चिकट कागद दाबून बसवले. दुसरी मोजणी झाली. गव्हर्नरचा कोपरा तरला. असा जल्लोष झाला की जणू प्रेन्टिस राष्ट्राध्यक्षच झाला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, फोन उंच धरून फोटो काढले, कोणी रडलंसुद्धा. आर्डिसनं पिशवीतून ठरावाच्या प्रती काढल्या आणि ती वाट बघत राहिली.

आणि मग कोट चढू लागले.

"बेव्ह."

"अगं हो. किती वेळ लागेल?"

"आधी प्रतिनिधी, मग समिती, मग ठराव. तुला माहीत आहे."

"बर्फ सुरू होतोय गं. आणि आमच्या डॉनचा गुडघा बसून बसून आखडतो. ही सगळी मंडळी पण…" बेव्हर्लीनं तिच्या गालाला गाल लावला. "मी मनानं तुझ्याबरोबरच आहे. माझं मत धरूनच चाल."

"मनानं हात वर होत नाही, बेव्ह."

"तू फार कडू झालीयस, आर्डिस. मर्लसाठी प्रार्थना करते मी रोज."

तिच्यामागून सगळा समंजस मध्यममार्ग निघून गेला. पलीकडे कॅल्डरचा कळप तर आधीच पांगला होता. 'शुश्रूषा हा हक्क आहे' ही पाटी जमिनीवर पडली होती आणि तिच्यावर ओल्या बुटांचे ठसे उमटले होते. दारातून थंडीचा झोत आला, दार आपटलं, आणि एवढ्या मोठ्या खोलीत मोजून आठ माणसं उरली. आर्डिस, लेलंड, दोन्ही बहिणी, ओडेगार्ड सर, गाडी सुरू होईना म्हणून मदतीची वाट बघत बसलेलं एक जोडपं, आणि रँडी क्लॉसनर.

रँडी घडीच्या खुर्चीवर पाय पसरून बसला होता. त्याचा चेहरा समाधानी होता. "वाईट वाटतं, आर्डिस," तो म्हणाला. "पण मी भरल्या खोलीबद्दल बोललो होतो."

तिला एकदम जाणवलं की तिला त्याचा राग येत नाहीये. राग बेव्हर्लीचाही नव्हता. किळस होती, ताटात केस निघाल्यावर येते तशी.

सरांनी कागद चाळला. "गव्हर्नर प्रेन्टिस यांच्या गटानं काउंटी अधिवेशनासाठी आपला प्रतिनिधी निवडावा. गटातले जे हजर असतील त्यांनी."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. गटात हजर तेच होते.

"लेलंड ग्रोट," थोरली व्होंड्राक विणकामातून वर न बघता म्हणाली.

"अगं ए! मी रिपब्लिकन आहे!"

"आज रात्रीपुरता नाहीस," सर म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

लेलंड हबकला. रँडी पोट धरून हसला. हसता हसता म्हणाला, "बरं, उरकू या. समितीच्या दोन जागांवर नेहमीचेच. मी आणि बेव्हर्ली."

"बेव्हर्ली हजर नाही," सर म्हणाले. "आणि नेमणूक नसते, निवड असते. मी हे तुलाही शिकवलं होतं, रँडी."

आणि इथे आर्डिसचा विमा विकून मुरलेला मेंदू जागा झाला. रँडी काउंटीच्या पक्षसमितीचा प्रमुख होता. प्रमुख व्हायचं तर आधी आपल्या भागातून समितीवर निवडून यावं लागतं. जूनमध्ये रँडीला मंडळाच्या जागेसाठी पक्षातच एकाशी लढायचं होतं. मतदारांच्या याद्या, फोन करणारी माणसं, सगळं त्या प्रमुखाच्या हातात. आजवर ही जागा त्याला आपोआप मिळत आली होती, कारण तोवर सगळे घरी गेलेले असायचे.

तिनं हात वर केला. "मी दोन्ही मिस व्होंड्राक यांची नावं सुचवते."

"अनुमोदन," लेलंड म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं, पण भांडण कुठल्या दिशेला चाललंय ते कळलं होतं.

रँडीचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं खोलीतली डोकी मोजली. मग गाडी बंद पडलेल्या जोडप्याकडे पाहून तो लाघवी हसला. त्यांनी नजर वळवली. तो नवरा गेल्या वर्षी त्याच्याच दारात रस्त्याची तक्रार घेऊन उभा राहिला होता आणि रिकाम्या हातानं परतला होता.

"सर, पाच मिनिटं."

आर्डिसला शीतपेयांच्या यंत्रापाशी नेऊन रँडी दबक्या आवाजात म्हणाला, "तू असलं काही करशील असं वाटलं नव्हतं. तू तत्त्वाची बाई."

"तत्त्व मघाशीच कोट घालून गेलं."

"काय हवंय?"

"होम विकू नकोस."

"कायमचं नाही म्हणता येणार. होम तोट्यात आहे, आर्डिस, खोटं नाही सांगत. पण मंगळवारच्या बैठकीतून विषय काढतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत निघणार नाही."

पुढचा हिवाळा. म्हणजे वसंत, उन्हाळा, मक्याची कापणी. तिनं मर्लचं तोंड डोळ्यांसमोर आणलं. रँडी पडला तर जूनमध्ये कोण येईल, त्याचा भरवसा नव्हता, आणि मंगळवार तर तोंडावर होता.

"फोन लाव. मंडळाच्या अध्यक्षाला. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं लावला. ती त्याच्या इतकी जवळ उभी राहिली की पलीकडचा आवाज तिला ऐकू येत होता. विषय मंगळवारच्या यादीतून वगळला गेला. रँडीनं फोन खिशात टाकला आणि सवयीनं तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला. तिनं तो मनगटाशी धरून खाली केला.

आत जाऊन तिनं धाकट्या बहिणीचं नाव मागे घेतलं. थोरली व्होंड्राक आणि रँडी क्लॉसनर समितीवर निवडून आले. लेलंड तिच्याकडे वाकला.

"तू त्याला वाचवलंस?"

"मी तुझ्या आईला उन्हाळा मिळवला. गप्प बस."

मग सगळ्यात शेवटी ठराव आला. काउंटी होम काउंटीचंच राहावं. सर्वानुमते मंजूर. सगळ्यात उंच हात रँडीचा होता. बाहीचं बटण लखलखत होतं.

बेव्हर्लीच्या टेबलावर तिचा ट्रे पडला होता, चाटूनपुसून रिकामा. घरी जाताना लेलंडच्या ट्रकमध्ये तिनं तो मांडीवर धरला होता. लेलंड रस्ताभर बोलत होता की डेमोक्रॅट कसे असतात ते आज त्यानं डोळ्यांनी बघितलं. मघाशी यंत्रापाशी आपण काय केलं, त्याला कोणत्या बाजूचं म्हणायचं, ते तिला सुचत नव्हतं. हातांना चिलीचा वास येत होता आणि तो तिचा स्वतःचाच असल्यासारखा वाटत होता.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर रँडीचा फोटो आला: 'पुरोगामी क्लॉसनर यांनी काउंटी होम वाचवलं.' बेव्हर्ली अंक घेऊन होमच्या दारातच भेटली. "बघ! मी म्हटलं नव्हतं? रँडी मनानं आपल्यातलाच आहे." मग तिनं मिठी मारली. आर्डिसनं मारून घेतली. रविवारी पुन्हा तिच्याच शेजारी गायचं होतं.

आत मर्ल उशांना टेकून वाट बघत होता. तिनं कोट न काढताच खुर्ची ओढली आणि कुस्करलेल्या बटाट्यांचा चमचा भरला. मर्लनं चांगलं असलेलं बोट उचलून तिच्या छातीकडे दाखवलं. गव्हर्नरचा तो चिकट कागद अजून तिथेच होता. तिनं नखानं खरवडला. कागद निघाला, डिंकाचा काळा चौकोन कोटाला तसाच राहिला.

"को… कोण… जिंकलं?" मर्लनं विचारलं. दर चार वर्षांनी, ती कॉकसहून आली की तो हेच विचारायचा.

"रँडी," ती म्हणाली. "तोंड उघड."

त्यानं उघडलं.